मानलेलं माहेर

हरिबांच्या उजव्या अंगठ्याच्या नखावरचा काळा डाग आता पार टोकाला आला होता. संक्रांतीनंतर आठ दिवसांनी डाळमिलचं लोखंडी शटर त्यांच्या अंगठ्यावर आलं, तेव्हा तो डाग नखाच्या मुळाशी होता, तिथल्या पांढऱ्या कोरीला चिकटून. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. जगदेवी दर सोमवारी हा डाग बघत आली होती. होळीला तो जरा पुढं सरकलेला, अक्षय्य तृतीयेला नखाच्या मध्यावर, आणि आता आषाढ सरत आला तेव्हा त्याच्यापुढं एक बारीकशी कड तेवढी उरलेली. पुढच्या खेपेला हरिबा नखं काढतील तेव्हा डाग नखासोबत जाईल. दानपत्राचा कच्चा मसुदा शटर पडलं त्याच आठवड्यात टाइप होऊन आला होता. तो मात्र जिथल्या तिथं होता.

हरिबा बाजेवर बसून मसुद्याचं तिसरं पान वाचत होते. वाचताना अंगठा ओळीखालून फिरत होता. हे पान त्यांनी याआधी किती वेळा वाचलं, हे जगदेवीनं मोजायचं सोडून दिलं होतं.

"समदं बरोबर हाय," चष्मा काढत ते म्हणाले. "पर आखाडात सही कोन करतंय गे? आखाड सरू दे."

"मागं तुम्ही म्हणाला होतात, पेरणी उरकू द्या."

"मग, उरकली की! पेरनी उरकली अन् आखाड लागला. ह्यात माझा काय गुन्हा?" ते मनापासून हसले. हसताना त्यांचा चेहरा फार चांगला दिसायचा, आणि त्याचाच जगदेवीला त्रास व्हायचा. "त्या गोळ्या भर आधी. आन् दोन भाकरी टाक. कामवालीची भाकर घशाखाली उतरंना मला."

तिनं सात खणांची प्लास्टिकची डबी पुढ्यात ओढली. सोमवार ते रविवार, सकाळची रक्तदाबाची पांढरी गोळी, रात्रीची साखरेची पिवळी. ही डबी तिनंच आणली होती, पहिल्या वर्षी. तेव्हा तिला वाटलं होतं, एका म्हाताऱ्या माणसाची सोय होईल. आता सोमवारी ती आली नाही तर हरिबा मंगळवारी गोळ्या घेत नसत, आणि बुधवारी फोन करून तसं सांगत.

स्वयंपाकघरात चुलीवर तवा तापला. भिंतीवर सत्यभामाबाईंचा फोटो होता, हरिबांच्या बायकोचा. बाई जाऊन पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

"पंचमीला मूळ धाडतो," बाहेरून आवाज आला. "नरसिंग गाडी घेऊन येईल. ह्या बारीला एक दिस येऊन पळायचं न्हाई, पाच दिस ऱ्हायचं. मिलमधी झोका बांधायलाव. छपराच्या कैचीला कड्या बसवून घेतल्यात, परवाच. आन् पंचमी झाली की दुसऱ्या दिशी रजिस्टर हापिस. तुझी शपथ."

भाकरी थापताना तिचा हात एकदम थांबला, मग पुन्हा फिरू लागला. "बघते, काका," ती म्हणाली.

"काका काय सारखं? अप्पा म्हन की."

भाकरी तव्यावर पडली.

*

बसवकल्याणच्या बाहेर, हुमनाबादकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या मंगल कार्यालयात कर्णबधिर मुलांची निवासी शाळा भरत असे. मुलं त्रेपन्न. नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडायच्या स्टेजवर पहिलीचा वर्ग, पंगतीच्या हॉलमध्ये मुलांची झोपायची सोय, आणि वधूपक्षाच्या खोलीत जगदेवीची तपासणी. तिनं कान तपासायचा डिप्लोमा केला होता. हळ्ळीखेडच्या धनगराच्या घरातली मुलगी म्हैसूरला जाऊन यंत्रावर बसायला शिकते याचं तेव्हा गावाला फार अप्रूप वाटलं होतं.

तपासणीची पद्धत सोपी होती. मुलाच्या कानावर हेडफोन चढवायचा, हातात एक मणी द्यायचा. आवाज आला की मणी बरणीत टाकायचा. आवाज कमी कमी करत जायचं आणि मणी पडायचा थांबला की तिथं खूण करायची. पण खोलीच्या खिडकीपासून चाळीस पावलांवर हमरस्ता होता. ट्रक गेला की खोलीतलाच आवाज साठ डेसिबलवर जायचा. मग जगदेवी हात वर करून मुलाला थांबवायची, ट्रक जाऊ द्यायची, आणि पुढच्या ट्रकच्या आत दोन-तीन मणी पाडून घ्यायची. त्या दिवशी दुपारी सहा वर्षांची चैत्रा समोर बसली होती. हेडफोन तिच्या डोक्याला मोठा होत होता. एका ट्रकच्या धडधडीनं जमीन हादरली तसा तिनं मणी टाकला आणि कौतुकाच्या आशेनं जगदेवीकडं बघितलं. ते चुकीचं होतं. तिनं आवाज ऐकला नव्हता, तळपायानं ओळखला होता. जगदेवीनं मान हलवली आणि मणी बरणीतून परत काढून तिच्या हातात दिला.

दारात शिवप्रसाद सर उभे होते. संस्थेचे सचिव. साठीला आलेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं.

"काय म्हणाले?"

"आखाड सरू दे म्हणाले."

"मग बरोबर आहे. पाच-सात दिवसांचा तर प्रश्न." ते आत येऊन वधूपक्षाच्या जुन्या आरशासमोर बसले. "कार्यालयाच्या मालकानं परत नोटीस दिलीय. आणि स्वतःची इमारत दाखवली नाही तर मार्चनंतर मान्यता नाही. हे तुला नव्यानं सांगायला नको."

"नको," जगदेवी म्हणाली.

"पंचमीला बोलावलं असेल?"

"पाच दिवस."

"मग जा की! पाच दिवसांत दोन एकर आणि मिलची इमारत. एवढा पगार मंत्र्याला नाही." ते स्वतःच्याच विनोदावर हसले, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबले. "तुझ्याकडं बघून देतायत ते, जगदेवी. माझ्याकडं बघून चहासुद्धा देत नाहीत."

हे खरं होतं. हरिबांकडं आधी शिवप्रसाद सरच गेले होते, पावतीपुस्तक घेऊन. हरिबांनी त्यांना एक हजार रुपये देऊन वाटेला लावलं होतं. मग सर बेंगळुरूला एका शिबिराला गेले. मोठे देणगीदार कसे मिळवावेत, तीन दिवसांचं शिबिर. तिथल्या बाईंनी फळ्यावर वर्तुळं काढून सांगितलं होतं, की पैसे मागू नका, आधी नातं जोडा. देणगीदाराचा वाढदिवस, आजार, आवडनिवड, सगळं लिहून ठेवा. सरांनी ते वहीत उतरवून आणलं आणि जगदेवीच्या हातात वही दिली. शिबिरात फळ्यावर जे नातं होतं ते मार्च संपला की फाइलला लावता येत असावं. बसवकल्याणात तसं काही मिळत नव्हतं.

जगदेवी हरिबांकडं गेली ती आवाज मोजायचं यंत्र घेऊन. बंद पडलेली डाळमिल रस्त्यापासून आत होती, दोन-दोन फूट जाड दगडी भिंतींची. तिनं मधोमध उभं राहून दार लावून घेतलं. यंत्राचा काटा अठ्ठावीसवर आला आणि तिथंच राहिला. इतकी शांत जागा तिनं जिल्ह्यात दुसरी पाहिली नव्हती. हरिबा बाहेर उभे होते. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पाहिलं.

त्याच वर्षी नागचतुर्थीला हरिबांची गाडी तिच्या दारात उभी राहिली. नरसिंग ड्रायव्हरच्या हातात नारळ, हिरवी इरकल आणि तंबिटाच्या लाडवांचा डबा. लेकीला माहेरी न्यायला जे माणूस पाठवतात त्याला मूळ म्हणतात, आणि ह्या भागात पंचमीचं मूळ ही चेष्टा नाही. ज्या घरचं मूळ बाई घेते, त्या घरची ती लेक. त्या घराच्या नावानं ती वारुळाला दूध घालते, त्या घरच्या झोक्यावर बसते. एका पंचमीला दोन माहेरं नसतात.

हे जगदेवीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं सरांना फोन केला होता. सर म्हणाले, "घे, घे. एकदाच तर जायचंय. देणगीदार नाराज नको." आणि तिनं नारळ घेतला होता. देणगीदाराच्या घरचं चहाचं निमंत्रण घ्यावं तसा.

*

मल्लेश, तिचा नवरा, उमरग्याच्या बसवर कंडक्टर होता. संध्याकाळी तो आला तेव्हा जगदेवी ओट्याशी उभी होती आणि फोन ओट्यावर वाजत होता.

"उचल की. कोनता सासरा हाय?" त्यानं खांद्यावरची बॅग उतरवली. "साऱ्या तालुक्यात दोन सासरे असलेला कंडक्टर मी एकटाच. एक गाडी धाडतो, एक सोता बसनं येतो. तिकीट मात्र दोघांचं माज्याच डोक्यावर."

"गप बसा," ती म्हणाली. तिनं नाव बघितलं. अप्पा.

तिचे वडील लिंगाप्पा फोनवर नेहमी ओरडून बोलत. दोन-तीन वर्षांपासून त्यांना ऐकू कमी येत होतं. तिनं दोनशे-तीनशे पोरांचे कान तपासले होते. बापाचे कान तपासायला तिला हळ्ळीखेडला दोन दिवस काढून जाता आलं नव्हतं.

"जगू! ऐकू येयलंय का?"

"येतंय अप्पा. बोला."

"ह्या पंचमीला मी सोता येतो. मूळ. तुजा भाऊ म्हनायला, मी जातो. मी म्हन्लं, न्हाई. चार वर्सं झाली. लेक माझी, मीच जातो."

"अप्पा, तुम्ही येऊ नका. गुडघे दुखतात तुमचे. मी... बघते मी."

"आँ?"

"येऊ नका म्हणते मी!"

"व्हय, व्हय. दुपारच्या बसनं. बाराला तितं पोचती ती. चवथीला. तू तयार ऱ्हा. आईनं तुज्या शेंगा-गुळाच्या उंड्या केल्यात. ठेवतो आता, पैसे लागायलेत." फोन बंद झाला.

मल्लेश पाणी पीत होता. तो तांब्या खाली ठेवून म्हणाला, "म्हाताऱ्याला ठाऊक हाय."

"काय?"

"हळ्ळीखेडची मानसं माज्या बसमधी न्हाई बसत व्हय? मागच्या वर्सी एकानं मला इचारलं, तुमच्या मालकीनबाई डाळमिलवाल्याच्या नावानं वारुळाला दूध घालायल्यात म्हनं, लिंगाप्पा काय मेला का? मी म्हन्लं, पुढं सरका, दार सोडा." त्यानं बॅग खुंटीला अडकवली. "तुला सांगितलं न्हाई. काय सांगू?"

जगदेवी खाली बसली. चार वर्षं अप्पांनी एकदाही विचारलं नव्हतं, कामून आली न्हाईस. ती दर वर्षी सांगायची, शाळेत काम आहे, आणि ते म्हणायचे, बरं, पोरांचं बघ. त्यांच्या त्या 'बरं'चा अर्थ तिला आत्ता कळला. बाप गप्प राहिला होता, लेकीवर आणखी खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून.

"सही झाली की संपलं," ती म्हणाली. स्वतःलाच.

"सही कधी हाय?"

"पंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

मल्लेश हसला नाही. "जगू, ही पाचवी पंचमी. तो मानूस खुळा न्हाई. चाळीस वर्सं त्यानं तुरीचा भाव केलाय. सही केली की तू येनार न्हाईस हे त्याला तुज्या आधी कळलंय."

तिला ते कळलेलं होतं. जानेवारीपासून. नखावरच्या डागासारखंच ते तिच्या डोळ्यांसमोर पुढं सरकत होतं, आणि तिनं त्याला शब्द दिले नव्हते. शब्द दिले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्रेपन्न पोरांच्या झोपायच्या जागेपाशी जाऊन थांबत होतं.

*

चतुर्थीच्या सकाळी नऊ वाजताच हरिबांचा फोन आला. आवाज खुशीत होता. "ये लगेच. प्रभुलिंगला बोलावलंय. पक्कं दानपत्र आनलंय त्यानं, स्टँप कागदावर. सरांना घेऊन ये. सही आजच करतो, रजिस्टरला नंतर लावू. काय म्हन्तीस?"

तिनं फोन ठेवला. तिनं रिक्षा केली. वाटेत शिवप्रसाद सर पेढ्यांचा पुडा घेऊन चढले. त्यांनी नवा शर्ट घातला होता. "मी म्हणत होतो ना," ते रिक्षाभर म्हणत राहिले. "माणूस चांगला आहे. फक्त वेळ घेतो."

हरिबांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. दस्तऐवज लिहिणारा प्रभुलिंग मांडी घालून बसला होता, पुढ्यात कागद आणि शाईचा पॅड. कोपऱ्यात स्टुलावर एक पिशवी होती आणि तिच्यातून मोरपंखी रंगाच्या साडीचा काठ दिसत होता. नरसिंग अंगणात गाडी पुसत होता.

"बस," हरिबा जगदेवीला म्हणाले. "वाच रे प्रभू."

प्रभुलिंग वाचू लागला. चतुःसीमा, सर्वे नंबर, मिलची इमारत, विहीर, दोन चिंचेची झाडं. जगदेवीला हे सगळं पाठ होतं. दुसरं पान, तिसरं पान. मग त्यानं चौथं पान उलटलं. कच्च्या मसुद्यात चौथं पान नव्हतं.

"'सदर मिळकत संस्थेस पुढील शर्तीवर देण्यात येत आहे,'" प्रभुलिंग एकसुरी वाचत गेला. "'आमची मानलेली कन्या जगदेवी भ्रतार मल्लेश हिने दर वर्षी पंचमीस आमच्या घरी माहेरपणास यावे. आमच्या पश्चात आमचे श्राद्ध तिने दर वर्षी करवावे. सदर कन्या संस्थेच्या सेवेत राहील तोवर मिळकत संस्थेकडे राहील. कन्येने वरील शर्त मोडल्यास अथवा संस्था सोडल्यास मिळकत आमच्या पुतण्यांकडे परत जाईल.'" त्यानं घसा साफ केला. "एवढंच."

जगदेवीनं हात पुढं केला. "बघू."

तिनं पान घेतलं आणि सावकाश वाचलं, तपासणीचा कागद वाचावा तसं. 'कन्या जगदेवी.' पुढं नवऱ्याचं नाव होतं. बापाच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं.

"प्रभुलिंग अण्णा," ती म्हणाली, "मी उद्या मेले तर?"

"असं कामून बोलायलीस, सणाच्या दिशी!" हरिबा ओरडले.

"विचारते. कायद्याचं विचारते."

प्रभुलिंगनं हरिबांकडं बघितलं, मग कागदाकडं. "तसं... सेवेत ऱ्हायलं न्हाई असाच अर्थ होईल. जागा परत."

"म्हणजे पोरांचं छप्पर माझ्या जिवावर."

"जगदेवी," शिवप्रसाद सरांनी तिच्याकडं झुकून हळू आवाजात म्हटलं, "लिहू दे त्यांना. रजिस्टर झालं की झालं. पुतणे कुठं पुण्यात आहेत. पुढं कोण बघायला येतंय?"

"म्या बघायला येनार," हरिबा म्हणाले. त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं. "जित्ता हाय तोवर तरी." ते बाजेवर जरा पुढं सरकले. आवाज बदलला, खाली आला. "हे बघा सर, माजी अक्कल म्हातारी झाली, आंधळी न्हाई झाली. बायको असताना ह्या घरात देवळाचे लोक आले, मठाचे आले, इलेक्शनचे आले. समद्यांनी काका म्हन्लं, अप्पा म्हन्लं, जेवले, घेतलं, गेले. बाई आजारी पडली तवा एक बी आलं न्हाई. ही पोरगी चार वर्सं येयलीय. दर सोमवारी. मी सही केली असती तर पुढच्या सोमवारी आली असती का? तुमीच सांगा."

"आली असती की, काका!" सर म्हणाले. "तुमचं आणि तिचं नातं काय फक्त कागदाचं आहे का?"

"तुमाला न्हाई इचारलं."

पेढ्यांचा पुडा सरांच्या मांडीवर तसाच होता, दोरा न सोडलेला.

जगदेवी हरिबांकडं बघत होती. तिला त्यांचा राग येईना. राग आला असता तर सोपं झालं असतं. तिला दिसत होता तो एक माणूस, ज्यानं भाव करायची जी एकच रीत आयुष्यभर वापरली होती तीच आता माणसं धरून ठेवायला वापरली होती. आणि ती स्वतः? वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हरिबा, वाढदिवस मार्गशीर्षात, साखर, रक्तदाब, बायकोची आठवण काढली की बोलतात, भाकरी आवडते. त्यांनी तिला बांधलं ते आज, स्टँप कागदावर. तिनं त्यांना बांधायला सुरुवात केली होती ती चार वर्षांपूर्वी, वहीत. कुणी कुणाला जास्त फसवलं हे कोणत्या यंत्रावर मोजायचं?

'हो' म्हणणं सोपं होतं. तिनं अंदाज केला: हरिबा त्र्याहत्तर, प्रकृती बरी. दहा पंचम्या, फार तर पंधरा. त्यानंतर श्राद्धं, ती मरेपर्यंत. आणि ती मेल्यावर पोरं रस्त्यावर. 'नाही' म्हणणंही सोपंच होतं. मार्चमध्ये पोरं रस्त्यावर. दोन्ही बाजूंना भिंत, मधे ती. चार वर्षं ती ह्या दोन भिंतींमध्ये 'बघते' म्हणत उभी होती. बघायचं काही उरलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. हळ्ळीखेडची बस ह्या वेळेला हुमनाबाद सोडून निघाली असणार. अप्पा आत खिडकीशेजारची जागा धरून, मांडीवर उंड्यांचा डबा घेऊन, गुडघ्यावर हात ठेवून.

"जगू," हरिबांनी विचारलं. आता ते कुणाकडं बघत नव्हते, फक्त तिच्याकडं. "एक सांग. खरं सांग. हे पान फाडून टाकलं, काईच लिवलं न्हाई, निसती सही करून जागा पोरांना दिली, तर पुढच्या पंचमीला येशील का? व्हय म्हन, आत्ता फाडतो."

नरसिंगनं अंगणातलं पुसणं थांबवलं होतं. प्रभुलिंग पॅडचं झाकण उघडत-मिटत होता. शिवप्रसाद सरांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. बहुधा ते तिच्या वतीनं 'हो' म्हणत होते. एक अक्षर. ते उच्चारलं की पान फाटणार होतं, अंगठा उमटणार होता, अठ्ठावीस डेसिबलची ती खोली चैत्राची होणार होती, आणि पुढच्या चतुर्थीला गाडी पुन्हा दारात उभी राहणार होती. ह्या माणसानं तिला पहिल्यांदाच सरळ प्रश्न विचारला होता. चार वर्षांत तिनं त्याला एकही सरळ उत्तर दिलं नव्हतं.

तिनं चौथं पान सतरंजीवर ठेवलं, बाकीच्या पानांना समांतर.

"नाही, काका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा स्वच्छ निघाला. "लिहिलं तरी येणार नाही आणि फाडलं तरी येणार नाही. मी तुमच्याकडं जागेसाठी येत होते. पहिल्या दिवसापासून. तुम्ही जागा शाळेला द्या नाहीतर देऊ नका, पण माझ्या बदल्यात देऊ नका. माझे अप्पा बाराच्या बसनं मूळ घेऊन यायलेत. मी त्यांच्यासंगं हळ्ळीखेडला चाललेय, आणि आता दर पंचमीला तिथंच जाणार."